बाहेरचा रस्ता आणि माझी रांगोळी

भिंत पडली तेव्हा मी आत चुलीपाशी भाकरी थापत होते. आधी आवाज आला, मग सगळा अंधार झाला. धुरळा इतका की समोरचा तवा दिसेना. धुरळा खाली बसायला लागला तेव्हा दिसलं, की आमच्या ओसरीच्या जागी ट्रकचं तोंड आहे आणि त्यातून वाफ निघते आहे. ओट्याची भिंत, वरचे वासे आणि कौलं यांचा एकच ढीग झाला होता. ढिगाखाली दोघी होत्या. माझी सासू आणि माझी सात वर्षांची मुलगी. शाळेची वेळ झाली होती, सासू ओट्यावर बसून तिच्या वेण्या घालत होती.

मी हातांनी विटा काढायला लागले. बोटांना पीठ होतं, त्याला माती चिकटत होती. ढिगातून एकच आवाज येत होता, सासूचा. मुलीचा काहीच येत नव्हता. मी आवाजाच्या बाजूला उकरायला लागले. तेव्हा सासू खालून म्हणाली, "इथं नको. पोर तुझ्या उजव्या हाताला हाय, खांबापाशी. मना काय झाला नाय."

तिला काय झालं होतं ते नंतर कळलं. त्या वेळी मी तिचं ऐकलं आणि उजवीकडे सरकले.

ट्रकवाल्याचा दोष किती, ते मला ठाऊक नाही. पण ते ट्रक आमच्या दारावरून अजून का जात होते, ते मला पक्कं ठाऊक आहे. त्यात माझा हात होता. म्हणून आधी ते सांगते.

आमचं गाव ठाण्याहून कल्याणकडे येताना लागायचं. गाव म्हणजे एकच बाजाररस्ता. दोन्ही बाजूंना घरं, घरांना ओटे, आणि ओट्यांच्या मधून रस्ता. समोरच्या घरातली बाई आपल्या ओट्यावर बसून बोलली तर आम्हाला आमच्या ओट्यावर ऐकू यायचं, इतका तो अरुंद. आम्ही मूळची मिठागरावरची माणसं. सासऱ्यांनी मिठागर सोडून बाजारात हे घर बांधलं, आणि ओटा मुद्दाम रुंद केला, कारण ओट्यावर दहा माणसं बसली म्हणजे घराला मान, असं त्यांना वाटायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा रस्त्याने बैलगाड्या जायच्या. त्यांचा कोणाला त्रास नव्हता.

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या. ज्याच्या हाताला चार पैसे लागले त्याने लॉरी घेतली. मग देशाची फाळणी झाली, कल्याणच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसली. तिकडे लागणारं सामान आमच्या दारावरून जायला लागलं. खाडीची रेती, विटा, खडी, मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत, सगळं आमच्याच रस्त्याने. गवताचा ट्रक सगळ्यात वाईट. गवत दोन्ही अंगांनी बाहेर लोंबायचं आणि जाता जाता छपराच्या कडेची कौलं ओढून न्यायचं. दोन ट्रक समोरासमोर आले की एकाला मारुतीच्या देवळापर्यंत मागे जावं लागायचं. कोणी जायचं यावर अर्धा तास भांडण. आमच्या ओट्याचा कोपरा रस्त्यात सगळ्यात पुढे आलेला, त्यामुळे मागे जाणारा ट्रक हमखास तिथे घासायचा. तीनदा तो कोपरा उडाला होता.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. ती सकाळी उजाडलं की सूप घेऊन ओट्यावर बसायची. गिरणीतून तांदूळ निवडायला यायचे, ते निवडायची. मी म्हणायचे, आत बसा, माती खाताय नुसती. ती म्हणायची, आत काय बघू, तुझी पाठ? ती काही उठायची नाही. ट्रक आला की पाय वर घ्यायची, गेला की खाली सोडायची.

गावात भाताची गिरणी होती. तिच्या मालकांना सगळे शेठ म्हणायचे. गावचं पुढारपण त्यांच्याकडेच होतं. माझा नवरा त्यांच्या गिरणीत इंजिनवर कामाला होता. शेठनी अर्ज लिहवून घेतला, की ट्रकांसाठी खाडीच्या बांधाकडून गावाबाहेरून वेगळा रस्ता करावा आणि त्यासाठी सरकारने पैसे मंजूर करावेत. सगळ्या गावाने सह्या केल्या. मी चौथी शिकलेली, मी सही केली. आत्याने अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. अर्ज ठाण्याला गेला. सात-आठ महिन्यांनी उत्तर आलं, की इंजिनियर साहेब पाहणी करायला येतील आणि त्यांच्या अहवालावर पैशांचं ठरेल.

त्या कागदाने गाव हरखून गेलं. सरकार आपलं नवं, साहेब आपला, आणि तो आपल्या गावी येणार. देवळाच्या पारावर सभा भरली. घरं चुन्याने रंगवायचं ठरलं. कौलं बदलायचं ठरलं. शेठ म्हणाले, साहेबांच्या अंगावर धूळ उडाली तर गावाची शोभा होईल, तेव्हा साहेब असेपर्यंत ट्रक थांबवू. ठाण्याकडून येणारे गिरणीच्या आवारात घ्यायचे, कल्याणकडून येणारे देवळामागच्या माळावर. ड्रायव्हरांना चहा द्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढी माणसं पारावर होती, कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आमच्याकडे पाहुणा येतो म्हटलं की घर झाडायचं, एवढंच माहीत होतं.

मी दोन दिवस ओट्याच्या त्या उडालेल्या कोपऱ्यावर काम करत होते. माती कालवली, त्यात भुसा घातला, कोपरा पुन्हा उभा केला, वरून चुना दिला. नव्यासारखा दिसायला लागला. आत्या सुपातून मान वर न करता म्हणाली, "त्याला दुखणं दाखवायचा हाय का नवरी दाखवायची हाय?"

समोरच्या ओट्यावरच्या बायका हसल्या. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही तांदूळ निवडा."

साहेब यायचे त्या पहाटे मी रस्त्यावर सडा घातला आणि रांगोळी काढली. रांगोळीत माझा हात गावात पहिला होता, हे आता सांगायला हरकत नाही. लग्नाघरी मलाच बोलावणं यायचं. त्या दिवशी मी ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत अख्खा रस्ता भरून काढली. मधे कमळ, चार कोपऱ्यांना शंख, कडेने वेल. गुडघे सोलून निघाले. ट्रक यायचे नव्हते म्हणून एवढी मोठी काढता आली, नाहीतर रस्त्याच्या मधोमध बसायची कोणाची हिंमत होती.

साहेब जीपने आले. किडकिडीत, चष्मा लावलेला, पुण्याकडचं बोलणं. माणूस चांगला होता, उर्मट नव्हता. हार-तुरे झाले, शेठांकडे श्रीखंडाचं जेवण झालं, आणि मग ते रस्ता बघायला निघाले. माझ्या रांगोळीपाशी आले तेव्हा दुपार उलटत आली होती. त्यांनी पाय मागे घेतला. कडेकडेने, भिंतीला पाठ लावून पलीकडे गेले, म्हणजे वेलीलासुद्धा धक्का लागू नये. मग वळून मला म्हणाले, "बाई, ही तुम्ही काढलीत? केव्हा काढलीत?"

"पहाटे, साहेब. सडा घातला आणि लगेच."

त्यांनी घड्याळ बघितलं. "पहाटेपासून जशीच्या तशी आहे की."

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण अख्खं गाव ऐकत होतं, आणि मी पंचविशीची होते. मी म्हटलं, "आमच्याकडे कोणी पाय देत नाही साहेब. दोन-दोन दिवस राहते."

ते हसले, मान हलवली आणि खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझ्या रांगोळीबद्दल लिहितात. मला वाटलं ते खोटं नव्हतं, ते माझ्या रांगोळीबद्दलच लिहीत होते.

जीप ठाण्याकडे दिसेनाशी झाली आणि ट्रक सोडले. सकाळपासून अडवलेले, एकामागे एक लागले. कमळ पहिल्या ट्रकच्या चाकाखाली गेलं. आत्या पाय वर घेऊन बसली होती ती बराच वेळ तशीच बसून राहिली, पाय खाली सोडायला फटच मिळेना.

पावसाळा गेला आणि उत्तर आलं. शेठांकडे अहवालाची नक्कल आली होती, ती माझा नवरा घरी घेऊन आला आणि ओट्यावर बसून त्याने वाचली. त्यात लिहिलं होतं, की बाजाररस्त्यावर अवजड वाहतूक तुरळक आढळली. घरांना उपद्रव दिसून आला नाही. रस्त्याच्या मध्यभागी पहाटे काढलेली रांगोळी दुपारपर्यंत अबाधित होती आणि ती दोन दिवस टिकते असे स्थानिक रहिवासी स्त्रीने सांगितले. सबब वेगळ्या रस्त्यासाठी निधी देण्याची तूर्त आवश्यकता नाही.

मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा एकदा स्वतः वाचला. अबाधित म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. आत्याने सगळं ऐकलं. सुपातला एक खडा काढून रस्त्यावर टाकला आणि म्हणाली, "तुझी रांगोळी सरकारी कागदावर चढली."

त्यानंतर छपराचं एखादं कौल पडलं की ती म्हणायची, सूनबाई, रांगोळी काढ. रागाने नाही, असंच. पण म्हणायची.

दुसरा अर्ज करायचं ठरलं तेव्हा माझा नवरा पारावर बोलला, की खरं काय ते लिहावं. ट्रक आपणच थांबवले होते, घरं आपणच सारवली होती. शेठ म्हणाले, म्हणजे साहेबांना आम्ही फसवलं असं सहीनिशी लिहून द्यायचं? माणसं पारावरून उठायला लागली. माझा नवराही उठला, त्याला सकाळी त्यांच्याच गिरणीत जायचं होतं. अर्ज गेला तो पहिल्यासारखाच, नुसता रस्ता करा म्हणणारा. उत्तर आलं, की पाहणी झालेली आहे, पुढच्या योजनेत विचार करू.

मग मी एक कार्ड लिहिलं. पोस्टाचं साधं कार्ड. ती रांगोळी मी काढली होती, त्या दिवशी ट्रक गिरणीच्या आवारात आणि देवळामागे अडवले होते, दोन दिवस राहते हे मी खोटं सांगितलं, आमच्या ओट्याचा कोपरा तीनदा पडला आहे. खाली सही. अक्षर लहान करून सगळं बसवलं. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, टाक. मग थोड्या वेळाने म्हणाला, शेठांना कळणारच. मी कार्ड तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिलं. तिथे ते पाच वर्षं होतं. घर झाडताना, डबा उचलताना दिसायचं. टाकायला पोस्टाची पेटी चाळीस पावलांवर होती.

त्या पाच वर्षांत ट्रक वाढले. ठाण्याला कोलशेताकडे कारखाने उभे राहायला लागले, इकडे डोंबिवलीत घरं वाढायला लागली, आणि दोन्हीकडे जाणारं सगळं आमच्या ओट्याला घासून जायला लागलं. कोपरा मी आणखी दोनदा बांधला. मुलगी त्यातच मोठी झाली. पळायला लागली तेव्हा रस्त्याकडे जाऊ नये म्हणून मी तिच्या कमरेला साडीचा काठ बांधून दुसरं टोक ओट्याच्या खांबाला बांधायचे. लोक हसायचे. ती सहा-सात वर्षांची होईपर्यंत तिलाही आत्याची सवय लागली होती. ट्रकचा आवाज आला की बोलता बोलता पाय वर घ्यायची.

त्या दिवशी खडीचा ट्रक ठाण्याकडून येत होता आणि समोरून दुसरा आला. खडीवाल्याने त्याला वाट द्यायला गाडी कडेला घेतली. कडेला आमचा कोपरा होता, मी भुसा आणि माती घालून केलेला. दगडाचा असता तर कदाचित ट्रक अडला असता. मातीचा होता, तो आत शिरला.

मी उजवीकडे उकरत होते. आधी वेणी हाताला लागली, लाल रिबीन बांधलेली. एकच वेणी झाली होती, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे होते. खांब तिरका पडला होता आणि त्याच्याखाली हातभर पोकळी राहिली होती, तीत ती होती. तोंडात माती भरलेली. मी बोट घालून माती काढली. ती रडली नाही, हलली नाही. मी पुन्हा बोट घातलं, घशापर्यंत. मग ती खोकली. पाय विटांखाली होता, तो निघेना. तोवर गिरणीतली माणसं धावत आली, माझा नवरा आला, खडीवाला ड्रायव्हर आमच्याबरोबरच विटा काढत होता. त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की आत्याचा आवाज येत नाही. कधी थांबला ते मला सांगता येणार नाही.

वासा उचलून तिला काढलं तेव्हा ती जिवंत होती. वासा पोटावर पडला होता. समोरून आलेला जो ट्रक होता, त्यातच दोघींना घालून कल्याणला दवाखान्यात नेलं.

आत्या तीन दिवस होती. फारसं बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ओटा परत बांध. पण दोन हात मागं घे." मी हो म्हटलं. रांगोळीचं ती काही बोलली नाही. मी वाट बघत होते, ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिचं दहावं झालं आणि शेठ घरी आले. म्हणाले, ठाण्याहून दुसरे साहेब येताहेत, अपघाताचं कळलं आहे. त्याआधी हा ढीग उचलून घ्यायला माणसं पाठवतो, दारात असं बरं दिसत नाही. मी म्हटलं, ढिगाला हात लावायचा नाही. ते नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा म्हणाला, ती म्हणते तसं. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे दारं झाडली, एक-दोघांनी चुना लावला. मी काही झाडलं नाही. सूपसुद्धा ढिगात होतं तसंच ठेवलं. आणि या वेळी ट्रक कोणी अडवले नाहीत, कारण माझा नवरा सकाळपासून गिरणीच्या फाटकात उभा होता.

साहेबांची जीप गिरणीपाशी गवताच्या ट्रकसमोर अडकली. ते उतरून चालत आले. धोतरवाले, वयस्कर, घामाघूम झालेले. ढिगाकडे बघत राहिले. मी आतून कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. पाच वर्षांत ते पिवळं पडलं होतं, एका कडेला तांदळातल्या किड्यांनी खाल्लं होतं. त्यांनी उभ्याने वाचलं, दोनदा.

"हे तेव्हाच का नाही टाकलंत?"

शेठ शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "नवरा यांच्या गिरणीत आहे."

साहेबांनी कार्ड घडी करून वहीत ठेवलं आणि ते अर्जाला जोडू का असं विचारलं. मी म्हटलं, जोडा.

पुढच्या वर्षी पैसे मंजूर झाले. रस्ता व्हायला आणखी दोन वर्षं लागली. खाडीच्या बांधावरून काढला, गावाला वळसा घालून. ट्रक तिकडून जायला लागले. नवऱ्याची नोकरी गेली नाही. शेठनी त्याला त्या कार्डाबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त नवीन रस्ता झाल्यावर गिरणी उचलून तिकडे नेली, म्हणजे ट्रक दारात लागतील, आणि नवऱ्याला रोज दोन मैल चालावं लागायला लागलं. बाजारातली गिऱ्हाइकं तिकडे गेली. चार दुकानं बंद झाली. त्या दुकानवाल्यांच्या बायका मला म्हणायच्या, ट्रक होते तेव्हा निदान माणसं तरी थांबायची. मी ऐकून घ्यायचे. भांडायला माझ्यात जीव नव्हता.

ओटा मी बांधला, दोन हात मागे घेऊन. कोपरा दगडाचा केला. आता तिथून सायकलीशिवाय काही जात नव्हतं. रस्ता इतका मोकळा असायचा, की रांगोळी काढली असती तर खरोखर दोन दिवस राहिली असती. मी काढली नाही. लग्नाघरचं बोलावणं आलं तरी गेले नाही. दुसरी कोणी काढत असे.

त्या भिंतीखाली दोघी होत्या. आत्या तिसऱ्या दिवशी गेली. मुलगी जगली. ती आता कोपरला राहते, तिलाही नातवंडं आहेत, आणि तिचा डावा पाय दोन बोटं आखूड आहे.